फितूर कान, शाबूत स्मृती

पॅरिसच्या काँझर्वेतवार या नामवंत संगीत विद्यालयाची धुरा १९०५ मध्ये गॅब्रिएल फोरे यांच्याकडे आली, तेव्हा साठी गाठलेल्या या फ्रेंच संगीतकाराचे कान फितूर होऊ लागले होते. वयपरत्वे ऐकू कमी येणे नवे नव्हे. फोरे यांची व्यथा त्याहून क्रूर होती. मंद्रातील स्वर त्यांना चढे, तर तारसप्तकातील उतरलेले ऐकू येत. षड्जाच्या जागी गंधार वाजावा, एवढा तो फरक. मधले स्वर तेवढे जागेवर, पण क्षीण. नुसते बहिरेपण परवडले असते!

१९१३ मध्ये मॉन्टे कार्लोत रंगमंचावर आलेली 'पेनेलोप' ही स्वतःची ऑपेराही त्यांना अशीच विद्रूप ऐकावी लागली. व्यथा शक्य तितकी झाकत त्यांनी कारभार रेटला आणि १९२० मध्ये, ७५ व्या वर्षी पद सोडले.

स्मृतीतील स्वर मात्र ढळले नव्हते. त्यांच्याच भरवशावर लेखणी चालली. बीथोव्हेनच्या धाकाने आयुष्यभर टाळलेली, चार तंतुवाद्यांची रचना त्यांनी १९२३ मध्ये हाती घेतली आणि सप्टेंबर १९२४ मध्ये पूर्ण केली. ४ नोव्हेंबरला त्यांचे निधन झाले. तिचे पहिले जाहीर वादन पुढील वर्षी जूनमध्ये झाले.