डॉ. झाकिर हुसैन : वर्ध्याची तालीम आणि पोरांची भाषा

गेल्या साली, म्हणजे २०२५ च्या एप्रिल ते जूनमध्ये महाराष्ट्रात पहिलीच्या मुलांवरून केवढं रान पेटलं! पहिलीपासून हिंदी असावी की नसावी? शेवटी २९ जूनला सरकारने दोन्ही शासन निर्णय मागे घेतले. मोमीनपुऱ्यात, कामठीत या वादाकडे लोक जरा दुरूनच बघत होते. भांडण मराठी-हिंदीचं, त्यात उर्दूचं नाव कोण घेणार? पण हाच वाद नागपूर-वर्ध्याच्या मातीत पंच्याऐंशी-नव्वद वर्षांपूर्वी झाला होता, आणि त्याच्या मधोमध एक मुसलमान मास्तर उभा होता.

डॉ. झाकिर हुसैन यांना आपण राष्ट्रपती म्हणून ओळखतो. जन्म ८ फेब्रुवारी १८९७, हैदराबाद. घराणं कायमगंजच्या पठाणांचं. वडील लहानपणीच गेले, पुढे काही वर्षांत आईही प्लेगमध्ये गेली. इटाव्याच्या इस्लामिया शाळेतून अलिगढला आले. १९२० मध्ये गांधीजी आणि अली बंधूंच्या हाकेवर कॉलेज सोडून जामिया मिल्लिया उभी करणाऱ्यांत ते होते. बर्लिनहून अर्थशास्त्राची डॉक्टरेट घेऊन १९२६ मध्ये परतले, तेव्हा जामिया बंद पडायच्या बेतात होती. झाकिर साहेब आणि त्यांच्या साथीदारांनी लिहून दिलं की वीस वर्षं इथेच राहू आणि दीडशे रुपयांपेक्षा जास्त पगार घेणार नाही. प्रत्यक्षात तेवढाही कधी मिळाला नाही.

एवढा शिकलेला माणूस, पण त्याचा जीव प्राथमिक शाळेत अडकलेला. एकदा ते जामियातल्या लहान मुलांना मिठाई वाटत होते. कुणीतरी कानात येऊन सांगितलं की त्यांची लहानगी लेक रेहाना वारली. चेहरा उतरला, पण हात थांबला नाही. नंतर लोकांनी विचारलं तेव्हा त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की पोरं खूश होती, त्यांचा आनंद मोडवला नाही. पुढे मुलांसाठी उर्दूत गोष्टी लिहिल्या, त्या रुकय्या रेहाना या नावाने छापल्या. ‘अब्बू खाँ की बकरी’ त्यातलीच.

आता वर्ध्याकडे येऊ. १९३७ मध्ये मध्य प्रांतात काँग्रेसचं सरकार आलं, राजधानी नागपूर. त्याच साली २२ आणि २३ ऑक्टोबरला गांधीजींनी वर्ध्यात शिक्षण परिषद भरवली. हस्तकलेतून शिक्षण, आणि मुलांच्या कामातून शाळेचा खर्च निघावा, अशी त्यांची कल्पना. झाकिर साहेबांनी गांधीजींच्या समोरच सांगितलं की यात नवीन फारसं नाही, आणि कमाईवर जोर दिला तर मास्तर पोरांना राबवून घेतील. गंमत बघा, योजना आखायच्या समितीचं अध्यक्षपद त्यांच्याकडेच आलं! २ डिसेंबरला अहवाल तयार. सात ते चौदा वर्षांपर्यंत मोफत आणि सक्तीचं शिक्षण, तेही मातृभाषेतून. देशाची सामायिक भाषा म्हणून हिंदुस्तानी, पण मराठीसारख्या प्रांतांत ती पाचवी-सहावीत, आणि लिपी नागरी की उर्दू, ते मुलाने निवडायचं. म्हणजे पहिलीच्या पोरावर दुसरी भाषा लादायची नाही, हे तेव्हाच कागदावर होतं.

पण त्याच सुमारास नागपूरच्या सरकारात रविशंकर शुक्लांनी खेड्यापाड्यांसाठी विद्यामंदिर योजना काढली. दानात मिळालेल्या जमिनीच्या उत्पन्नावर चालणाऱ्या या शाळा. कल्पना वाईट नव्हती, नाव अडलं. आमच्या पोरांनी ‘मंदिरात’ शिकायचं का, असा सवाल उठला, नागपुरात आंदोलन पेटलं. ही तक्रार मला उगाच केलेली वाटत नाही. सरकारी शाळेचं नाव सगळ्यांच्या जिभेवर सहज बसायला हवं. मुस्लिम लीगने मात्र विद्यामंदिर आणि वर्धा योजना एकाच माळेत ओवल्या. उर्दू बुडणार, दीनी तालीम नाही, गांधींचा पंथ शिकवणार, असे आरोप झाले. झाकिर साहेबांना आपल्याच कौमच्या शिव्या खाव्या लागल्या. तरी १९३८ पासून हिंदुस्तानी तालीमी संघाचं अध्यक्षपद त्यांनी सोडलं नाही.

नोव्हेंबर १९४६ ला जामियाच्या रौप्यमहोत्सवात त्यांनी नेहरू, आझाद आणि जिन्नांना एका मंचावर बसवलं, आणि देशात पेटलेली आग विझवा म्हणून हात जोडले. आग विझली नाही. ऑगस्ट ४७ मध्ये जालंधर स्टेशनवर त्यांचाच जीव थोडक्यात वाचला.

फाळणीनंतर काय झालं, ते कमी सांगितलं जातं. उत्तर प्रदेशात प्राथमिक शाळांतून उर्दू निघत गेली. घरी उर्दू बोलणारं पोर शाळेत पहिल्या दिवशी मुकं. तेव्हा अंजुमन तरक्की-ए-उर्दूतर्फे वीस लाखांहून जास्त सह्या गोळा झाल्या आणि फेब्रुवारी १९५४ मध्ये झाकिर साहेबांच्या नेतृत्वाखाली त्या राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांना दिल्या गेल्या. लीगवाल्यांनी ज्यांना उर्दूचा दुश्मन ठरवलं, तेच आता उर्दूसाठी दारात उभे. त्यांची बाजू बदलली नव्हती. वर्ध्याच्या अहवालात मराठी पोराला जे दिलं होतं, तेच लखनौच्या पोरासाठी मागत होते. त्या सह्यांवर निर्णय झाला नाही. १९५६ मध्ये मात्र राज्यघटनेत कलम ३५०-अ आलं : भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्यांनी करावी.

पुढे बिहारचे राज्यपाल, उपराष्ट्रपती, १९६३ मध्ये भारतरत्न, आणि १९६७ मध्ये देशाचे पहिले मुस्लिम राष्ट्रपती. ३ मे १९६९ रोजी पदावर असतानाच इंतिकाल झाला. दफन जामियाच्या आवारात, शाळेच्या पोरांच्या शेजारी.