पोरांच्या हाती स्वस्त रायफल देणारे लॉर्ड रॉबर्ट्स कोण होते?

१८३२ साली कानपूरमध्ये जन्मलेले फ्रेडरिक रॉबर्ट्स पुढे ब्रिटिश लष्कराचे सरसेनापती झाले. डिसेंबर १८९९ मध्ये बोअर युद्धात त्यांचा एकुलता एक हयात मुलगा गेला. बोअर शेतकऱ्यांची नेमबाजी ब्रिटिशांना महागात पडत होती.

सामान्य घरातल्या तरुणांनाही नेमबाजी आली पाहिजे, हा रॉबर्ट्स यांनी ध्यासच घेतला. पण लष्करी रायफलच्या गोळ्या महाग आणि मैदान लांबलचक हवं. उपाय होता .२२ ची रायफल. गोळी स्वस्त, धक्का अगदी कमी आणि सराव २५ यार्डांच्या हॉलमध्येही! १९०६ च्या सुमारास लष्करी रायफलसारखा बोल्ट असलेली सराव रायफलही आली. म्हणजे हाताला सवय तीच, खर्च मात्र कमी.

नोव्हेंबर १९१४ मध्ये फ्रान्सला भारतीय सैनिकांच्या भेटीला गेले असताना, ८२ व्या वर्षी न्यूमोनियाने त्यांचं निधन झालं.