कृमींची मोजदाद करणारा पशुवैद्य

रानपक्ष्यांच्या पोटातील कृमींचा अभ्यास हा लोकांच्या कौतुकाचा विषय कधीच नव्हता. पक्षी पाहण्यासाठी भल्या पहाटे पाणवठा गाठणारे पुष्कळ असतात. त्याच पक्ष्याचे आतडे उकलून तासन् तास बसणारा विरळा. कॉन्स्टन्टिन इव्हानोविच स्क्र्याबिन हे अशा विरळ्यांपैकी एक. आपल्याकडे हे आडनाव कानी पडले, तर रसिकांना एक रशियन संगीतकार आठवेल. परंतु कृमिशास्त्र हे वैद्यकाच्या वा प्राणिशास्त्राच्या कोपऱ्यात पडलेले फुटकळ ज्ञान न राहता स्वतंत्र शास्त्र म्हणून उभे राहिले, याचे मोठे श्रेय या पशुवैद्याकडे जाते.

स्क्र्याबिन यांचा जन्म १८७८ साली सेंट पीटर्सबर्गचा. युर्येव, म्हणजे आजच्या एस्टोनियातील तार्तू, येथील पशुवैद्यकीय संस्थेतून १९०५ मध्ये ते पदवीधर झाले आणि नोकरीनिमित्त थेट रशियन तुर्कस्तानात गेले. चिमकेंत आणि औलिये-अता ही त्यांची ठाणी. दोन्ही आज कझाकस्तानात आहेत. राजधानीत जन्मलेल्या तरुणाला ही बदली शिक्षेसारखी वाटली असती, तर नवल नव्हते. स्क्र्याबिन यांनी मात्र नोकरी सांभाळून तेथील पक्ष्यांतील कृमी जमवायला आरंभ केला. मध्य आशियाच्या याच पट्ट्यातून दर हिवाळ्यात रानबदके दक्षिणेकडे उतरतात आणि आपल्या जायकवाडी, उजनीच्या जलाशयांपर्यंत येऊन पोचतात. त्यांच्या शरीरात कोणते बिऱ्हाड वस्तीला असते, याची त्या काळी फारशी कोणाला कल्पना नव्हती.

जमवलेले कृमी ओळखायचे, तर त्यांची तुलना आधी वर्णिलेल्या जातींशी करावी लागते. १९१२ नंतरची दोन वर्षे स्क्र्याबिन यांनी कोनिग्सबर्ग, न्यूशातेल आणि पॅरिसजवळचे आल्फोर येथील जाणत्या अभ्यासकांपाशी काढली. तुर्कस्तानातील पक्ष्यांच्या पर्णकृमींवरील त्यांचा जर्मन निबंध १९१३ मध्ये आणि पट्टकृमींवरील १९१४ मध्ये प्रसिद्ध झाला.

नवी जात ठरविणे हे काम वरून दिसते तितके सोपे नाही. चपटा पर्णकृमी रंगवून, पारदर्शक करून काचपट्टीवर बसवावा लागतो; मग त्याची चूषके, वृषणे, अंडाशय आणि पीतकग्रंथी यांचे आकार व परस्परांतील अंतरे मोजायची. गोलकृमीत नराच्या शेपटीकडील बारीक काटे पाहिल्यावाचून निर्णय होत नाही. त्यातच एकच कृमी एका पक्ष्यात आखूड, तर दुसऱ्यात लांब वाढतो. काचेखाली अधिक दाबला गेला, तर त्याचा आकारही बदलतो. उत्साही संशोधक अशा फरकावर नवी जात उभी करून मोकळा होतो. खुद्द स्क्र्याबिन यांनाही हे चुकले नाही. बदकाच्या श्वासनलिकेत राहणाऱ्या एका पर्णकृमीला त्यांनी १९१३ मध्ये ट्रॅकिओफिलस सिसोवी असे नाव दिले. पुढे अनेक तज्ज्ञांनी ही जात १८५० मध्येच डीझिंग यांनी वर्णिलेली असल्याचा निर्वाळा दिला. जातीचे नाव असे गेले. पण तिच्यासाठी स्क्र्याबिन यांनी कल्पिलेली प्रजाती टिकली. या कृमीचे जीवनचक्र १९३२ मध्ये झिडाट यांनी उलगडले. त्याचे पिल्लू पाण्यातील गोगलगायीत वाढते, तिच्यातच कोश करून राहते आणि ती गोगलगाय बदकाने गिळली, की त्याच्या श्वासनलिकेत जाऊन ठाण मांडते.

स्क्र्याबिन यांनी दोनशेहून अधिक नव्या जातींचे वर्णन केले. त्यांची खरी थोरवी मात्र या आकड्यात नाही, १९२८ मध्ये त्यांनी ग्रंथरूपाने मांडलेल्या संपूर्ण विच्छेदनाच्या पद्धतीत आहे. तोवरचा रिवाज असा, की आतडे चिरावे, डोळ्यांना दिसेल तो कृमी उचलावा आणि बाटलीत टाकावा. स्क्र्याबिन यांनी एकही अवयव सोडू नये असा दंडक घातला. श्वासनलिका, फुप्फुसे, यकृत, मूत्रपिंडे, इतकेच काय, डोळेसुद्धा वेगवेगळे काढायचे. पेषणीचे कठीण अस्तर सोलायचे, कारण त्याखाली गोलकृमी दडून बसतात. आतड्यातील द्रव्य पाण्यात कालवून स्थिर होऊ द्यायचे, वरचे पाणी ओतून पुन्हा नवे घालायचे; पाणी नितळ होईपर्यंत हाच क्रम. उरलेला गाळ काळ्या पृष्ठावर पसरून भिंगाखाली कणाकणाने पाहायचा. सापडलेला प्रत्येक कृमी मोजायचा आणि काहीच सापडले नाही, तर तेही लिहून ठेवायचे.

वरकरणी क्षुल्लक दिसणाऱ्या या शेवटच्या कलमाने शास्त्राचा पाया बदलला. किती पक्षी तपासले आणि त्यांतील किती रिकामे निघाले, हे ठाऊक असल्याशिवाय एखादा कृमी दुर्मीळ आहे की सर्रास, हे सांगताच येत नाही. बाटलीतला नमुना कृमी आहे इतकेच सांगतो. किती आहे, हे नोंदवहीच सांगू शकते.

१९१७ मध्ये नोव्होचेर्कास्क येथे परोपजीविशास्त्राचे अध्यासन त्यांच्याकडे आले आणि १९२० मध्ये ते मॉस्कोला गेले. त्यांच्या प्रेरणेने निघालेल्या कृमिसंशोधन मोहिमांची संख्या तीनशेच्या वर जाते. त्यांत असंख्य पक्षी टिपले गेले, हेही नमूद करायला हवे. आज इतकी हत्या कोणी खपवून घेणार नाही. विष्ठेतील अंडी, मृतावस्थेत सापडलेले पक्षी आणि जनुकीय तपासणी यांवर आता पुष्कळ काम भागते.

१९४० च्या दशकात स्क्र्याबिन यांनी आणखी मोठी झेप घेतली. रोगकारक कृमींना केवळ आवरू नये, त्यांचा समूळ उच्छेद करावा, असा सिद्धांत त्यांनी मांडला. त्याला बळ देणारे उदाहरण डोळ्यांसमोर होते. बुखाऱ्यातील नारूचे निर्मूलन इसायेव यांच्या नेतृत्वाखाली १९३१ पर्यंत झाले होते. महाराष्ट्राने सोसलेला हाच नारू भारतातून गेल्याचे २००० मध्ये अधिकृतपणे मान्य झाले. पण नारूला जे लागू पडते, ते रानबदकाच्या कृमीला पडत नाही. पिण्याचे पाणी गाळता येते. सरोवरातील प्रत्येक गोगलगाय आणि देशोदेशींच्या सीमा ओलांडणारा प्रत्येक पक्षी यांचा बंदोबस्त कोण करणार? आणि तो का करावा, हा प्रश्न उरतोच. रानपक्ष्यांतील बहुतेक कृमी युगानुयुगे त्यांच्याबरोबर नांदत आले आहेत. ज्याने त्यांची इतक्या निष्ठेने मोजदाद केली, त्यानेच कृमिसंहाराचे निशाण उभारावे, यात विसंगती जाणवते. जनावरांचे हाल रोज पाहणाऱ्या पशुवैद्याला ती जाणवली नसावी.

माणसातील व प्राण्यांतील पर्णकृमींवरील त्यांची ग्रंथमाला १९४७ मध्ये सुरू झाली. ऑक्टोबर १९७२ मध्ये, वयाच्या ९३ व्या वर्षी, मॉस्को येथे स्क्र्याबिन यांचे निधन झाले. त्यानंतरही तिचे खंड निघत राहिले.