डॉ. जोसेफिन बेकर

दुखणाइतास बरें करणाऱ्या वैद्याची कीर्ति चहूंकडे होते. परंतु दुखणें येऊंच नये म्हणून जो झटतो, त्याचे श्रम सहसा कोणाच्या दृष्टीस पडत नाहींत. असे श्रम करणाऱ्या एका विदुषीचें चरित्र आम्ही आमच्या बालवाचकांस व त्यांच्या मातापित्यांस सादर करीत आहों.

सारा जोसेफिन बेकर यांचा जन्म अमेरिकेंत न्यूयॉर्क राज्यांतील पोकीप्सी या गांवीं १८७३ सालीं झाला. त्या १६ वर्षांच्या असतां त्यांचे वडील विषमज्वरानें वारले. कुटुंबाचा भार आपण उचलावा या हेतूनें त्यांनीं वैद्यकीचा अभ्यास आरंभिला आणि १८९८ सालीं पदवी मिळविली. पुढें त्या न्यूयॉर्क शहराच्या आरोग्यखात्यांत काम करूं लागल्या.

त्या शहरांत परदेशांतून आलेलीं गरीब कुटुंबें अंधाऱ्या खोल्यांत दाटीनें राहत. उन्हाळा आला कीं अतिसारानें तान्हीं मुलें भराभर दगावत. दुखणें जडल्यावर उपाय फारसा चालत नसे. तेव्हां मूल निरोगी आहे तोंच त्याच्या आईस गांठावें, असें बाईंनीं ठरविलें. १९०८ च्या उन्हाळ्यांत, शाळांस सुटी असल्यामुळें मोकळ्या झालेल्या ३० परिचारिकांस त्यांनीं अशा एका वस्तींत धाडिलें. जन्माची नोंद होतांच दुसरे दिवशीं परिचारिका त्या घरीं जाई. मुलास अंगावर पाजावें, न्हाऊं घालावें, खोलींत वारा खेळता ठेवावा, उकाड्यांत जाड कपड्यांत गुंडाळूं नये, अशा साध्या गोष्टी ती आईस समजावून देई. आदल्या उन्हाळ्यापेक्षां त्या वस्तींत १२०० मुलें कमी दगावलीं.

त्याच वर्षीं शहरानें बालआरोग्याचें स्वतंत्र खातें काढून बाईंस त्याच्या प्रमुखपदीं नेमिलें. हाताखालच्या सहा डॉक्टरांनीं स्त्रीच्या हुकमतींत राहण्यापेक्षां नोकरी सोडण्याची तयारी दाखविली. बाईंनीं त्यांस एक महिनाभर थांबण्याची विनंति केली. महिना सरल्यावर कोणीही गेला नाहीं.

गरिबांच्या घरीं आया कामावर जात व धाकट्या भावंडांस थोरल्या बहिणी सांभाळीत. हें जाणून बाईंनीं शाळांतून मुलींचीं 'छोट्या माता' मंडळें काढिलीं. तेथें शिकलेलें त्या मुली घरीं आईस व शेजारणींस सांगत.

१९२३ सालीं बाई निवृत्त झाल्या व १९४५ सालीं निधन पावल्या. वांचलेल्या त्या १२०० मुलांपैकीं एकासही आपण कोणामुळें वांचलों हें कळणें शक्य नव्हतें. ज्यांच्या घरीं पाळणा हलत आहे, त्या आमच्या विद्यार्थ्यांनीं व विद्यार्थिनींनीं बाळास घेण्यापूर्वीं हात स्वच्छ धुवावे. त्याबद्दल कोणी वाहवा करणार नाहीं. परंतु बाळ हंसतखेळत राहील.