कागदावरचा ट्यूरिंग, हातात सोल्डर

ट्यूरिंग मशीनमुळे थिअरी ऑफ कॉम्प्युटेशनला माझी केटी लागली, तेव्हापासून या माणसावर माझा राग होता. हा नुसती कागदावर मशीन चालवणारा, असं मला वाटायचं. साफ चूक!

ॲलन ट्यूरिंग (१९१२-१९५४) म्हणजे जर्मनांचे गुप्त संदेश फोडणारा गणिती. नोव्हेंबर १९४२ मध्ये ब्रिटनने तिशीतल्या ट्यूरिंगला बोटीने अमेरिकेला धाडलं. १९४३ च्या जानेवारीपासून मार्चपर्यंत तो न्यूयॉर्कच्या बेल लॅब्जमध्ये, म्हणजे चक्क टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत होता. तिथे आवाजाचे आकडे करून फोनवरचं बोलणं लपवणारं यंत्र बनत होतं. वजन ५० टनांच्या वर!

क्लॉड शॅननही तिथेच. दोघं कॅन्टीनमध्ये चहाला भेटायचे. काम दोघांचंही गुप्तलेखनाचं, पण त्याबद्दल अवाक्षर काढायची बंदी. मग गप्पा कशाच्या? मशीन विचार करू शकेल का, याच्या! (आमच्या मेसच्या चहावर फक्त सबमिशनचं रडगाणं.)

परतीच्या बोटीवर पठ्ठ्या व्हॉल्व्हचं हँडबुक वाचत बसला. मग इंग्लंडमध्ये एका सहकाऱ्याला घेऊन, स्वतः सोल्डरिंग करत, त्याने टेबलावर मावेल एवढं आवाज लपवणारं यंत्र बनवलं. नाव ठेवलं डिलायला. ते चालू झालं तोवर महायुद्ध संपत आलं होतं. डिलायला कधी वापरलीच गेली नाही.