महाकाय चार्ल्स बर्न

असामान्य उंचीचा मनुष्य दिसला की लोक कौतुकाने पाहत राहतात. परंतु त्या उंचीसाठी त्यास काय सोसावे लागत असेल, हा विचार क्वचितच कोणाच्या मनास शिवतो. आयर्लंडच्या चार्ल्स बर्नचे चरित्र ह्या दृष्टीने वाचण्याजोगे आहे.

बर्नचा जन्म इ. स. १७६१ मध्ये उत्तर आयर्लंडातील लिट्लब्रिज ह्या खेड्यात झाला. त्याची उंची वाढत वाढत ७ फूट ७ इंच झाली. इ. स. १७८२ मध्ये तो लंडनला गेला. तेथे लोक पैसे देऊन त्यास पाहावयास येत. पुढे तो मद्याच्या आहारी गेला, प्रकृती ढासळली व साठविलेले सुमारे ७०० पौंडही चोरीस गेले. १ जून १७८३ रोजी, अवघ्या बाविसाव्या वर्षी, त्याचे निधन झाले.

आपला देह शस्त्रवैद्यांच्या हाती पडेल ह्या भीतीने त्याने स्वतःस समुद्रात बुडविण्याची विनंती केली होती. परंतु विख्यात शस्त्रवैद्य जॉन हंटर ह्याने पैसे चारून तो देह मिळविला व सांगाडा आपल्या संग्रहालयात मांडला.

ह्या वाढीचे कारण हळूहळू उमगले. इ. स. १९०९ मध्ये हार्वी कुशिंग ह्या शस्त्रवैद्याने कवटी तपासली, तेव्हा मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीची खोबण फार मोठी आढळली. इ. स. २०११ मध्ये बर्नच्या दातांच्या परीक्षणातून ए. आय. पी. नामक जनुकात दोष असल्याचे सिद्ध झाले. हे जनुक त्या ग्रंथीत गाठ होण्यास आळा घालते. ते सदोष असल्यास गाठ होऊन वाढ घडविणारा स्राव अतोनात वाहू शकतो. कोवळ्या वयात हाडांच्या टोकांजवळील कूर्चा अजून कायम असते; तेथे नवे हाड बनत राहते व हाडे बेसुमार लांबतात. हाच दोष उत्तर आयर्लंडातील काही कुटुंबांतही आढळला. असा दोष आधीच ओळखल्यास वेळीच उपचार करता येतात.

इ. स. २०२३ मध्ये ते संग्रहालय पुन्हा उघडले, तेव्हा बर्नचा सांगाडा प्रदर्शनात ठेवला गेला नाही. मात्र संशोधनासाठी तो राखून ठेवण्यात आला. समुद्राची त्याची इच्छा अपुरीच राहिली. विद्यार्थिमित्रहो, त्याच्या अस्थींनी इतरांस आरोग्याची वाट दाखविली हे खरे. परंतु त्या त्याने आपणहून दिल्या नव्हत्या, हेही विसरता कामा नये.