कात्री हाती घेण्यापूर्वी : दादासाहेब फाळके

भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक म्हणून दादासाहेब फाळके यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. निर्माते आणि दिग्दर्शक म्हणून त्यांचा गौरव होतो. परंतु ते आपल्या चित्रपटांचे संकलकही होते, याकडे सहसा लक्ष जात नाही. चित्रित झालेल्या फिल्मचे तुकडे पारखायचे, नको ते कापायचे, हवे ते जोडायचे, हे संकलकाचे काम. पडद्यावर तो दिसत नाही, पण पडद्यावर कोण दिसेल आणि किती वेळ दिसेल हे तोच ठरवतो. म्हणजे इतरांचे श्रम, इतरांची अब्रू आणि प्रेक्षकाचा विश्वास या तिन्ही गोष्टी त्याच्या कात्रीखाली येतात. या दृष्टीने दादासाहेबांचे चरित्र पुन्हा एकदा पाहण्याजोगे आहे.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी चित्रकला, छायाचित्रण व मुद्रण यांचे शिक्षण घेतले. गोध्र्याला छायाचित्रणाचा व्यवसाय करीत असताना १९०० सालच्या प्लेगने त्यांची पहिली पत्नी व मूल हिरावून नेले. १९०२ साली त्यांचा दुसरा विवाह झाला. ही दुसरी पत्नी म्हणजेच सरस्वतीबाई. पुढे बोरघाट चढून गेल्यावर लागणाऱ्या लोणावळ्यास दादासाहेबांनी छापखाना काढला. भागीदारांशी पटेना, तेव्हा चाळिशीत तो चालता धंदा सोडून ते बाहेर पडले.

अशा रिकाम्या दिवसांत गिरगावातील एका चित्रपटगृहात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला आणि आपली पौराणिक पात्रे अशीच पडद्यावर यावीत या ध्यासाने त्यांना घेरले. रोज तासन्‌तास चित्रपट पाहून त्यांची दृष्टी जवळजवळ गेली. उपचारांनी ती परत मिळाली. विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून १ फेब्रुवारी १९१२ रोजी ते विलायतेस निघाले. तेथे सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत त्यांनी चित्रपटनिर्मितीची कृती पाहिली. विल्यमसन कॅमेऱ्याची मागणी नोंदवून आणि यंत्रसामग्रीची व्यवस्था करून एप्रिलमध्ये ते परतले.

दादरच्या राहत्या घरी ‘राजा हरिश्चंद्र’चे काम सुरू झाले. त्या काळी कच्च्या फिल्मला छिद्रे घरीच पाडावी लागत. पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ चित्रे बसतात आणि प्रत्येक चित्राच्या दोन्ही कडांना चार-चार छिद्रे लागतात. म्हणजे एका फुटाला १२८. हे काम अंधारातच करावे लागे, कारण प्रकाशाचा कवडसा पडला तरी फिल्म वाया जाई. ते सरस्वतीबाईंनी केले. दिवसा साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक, चित्रीकरणाच्या वेळी उन्हात पांढरी चादर धरून उभे राहणे, रात्री छिद्रे पाडणे, रसायने कालवणे आणि फिल्म धुणे असा त्यांचा दिनक्रम होता. तारामतीची भूमिका कराल का, असे दादासाहेबांनी विचारले असता, मग बाकीची कामे कोण करील, असा विचार करून त्यांनी नकार दिला असे सांगतात. अखेर ती भूमिका उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके या तरुणाकडे गेली.

या चित्रपटाचा आपल्या भागाशी एक जवळचा संबंध आहे. बाहेरील दृश्यांसाठी मंडळी वांगणीस आली होती. कळंबकडचा माणूस नेरळला गाडीत बसला की शेलूनंतर वांगणीच येते. भाले-तलवारी घेतलेली अनोळखी माणसे पाहून गावकऱ्यांना दरोडेखोर आल्याचा संशय आला. प्रकरण फौजदारापर्यंत गेले. तेव्हा दादासाहेबांनी कॅमेऱ्यात फिल्म न घालताच चित्रीकरणाचे प्रात्यक्षिक करून दाखविले आणि सर्वांची समजूत पटली.

याच मुक्कामात त्यांचा मुलगा भालचंद्र, जो रोहिदासाची भूमिका करीत होता, खेळताना दगडावर पडून बेशुद्ध झाला. काम थांबवून मुलाला मुंबईस न्यावे, असा सल्ला सोबत्यांनी दिला. परंतु मृत रोहिदासाचे चितेवरील दृश्य बाकी होते. दादासाहेबांनी त्याच अवस्थेत मुलाला चितेवर ठेवून ते दृश्य घेतले, असे चरित्रकार सांगतात. ही हकीकत बहुधा त्यांच्या निष्ठेचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. निष्ठा तर ती होतीच. पण त्या मुलाला कोणी विचारले नव्हते, हेही तितकेच खरे. एखादे दृश्य साधले म्हणजे ते घेण्याचा व ठेवण्याचा अधिकार आपोआप मिळतो काय, हा प्रश्न त्या चितेपाशी उभा राहतो. दादासाहेबांविषयीचा आदर कमी न करताही तो विचारला पाहिजे.

सुमारे ३७०० फूट लांबीचा, म्हणजे ५९,००० हून अधिक चित्रांचा हा चित्रपट ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. यशानंतर दादासाहेबांनी आपला कारखाना नाशिकला हलविला. तेथे नट, कारागीर व नोकर एका कुटुंबाप्रमाणे राहत. १९१४ साली ते आपले चित्रपट घेऊन पुन्हा विलायतेस गेले. तेथेच काम करण्याविषयी त्यांना विचारणा झाली; पण ती नाकारून ते परतले. महायुद्धामुळे भांडवल मिळेनासे झाले, तेव्हा त्यांच्या माणसांनी निम्म्या पगारावर काम पत्करले आणि सरस्वतीबाईंचे दागिने विकले गेले. मालकाने माणसे जोडलेली असल्यावाचून अशी साथ मिळत नाही.

‘लंकादहन’ आणि ‘कालिया मर्दन’ यांसारख्या चित्रपटांतील चमत्कारांनी प्रेक्षक थक्क झाले. कॅमेरा मध्येच थांबवणे, दोन तुकडे बेमालूम जोडणे अशा युक्त्यांनी नसलेले असल्यासारखे दाखविता येते, हे त्यांना पुरते उमगले होते. तरीही ‘चित्रपट कसे तयार करतात’ या लघुपटातून या धंद्याची कृती त्यांनी स्वतःच लोकांपुढे मांडली. ज्याला डोळे फसविता येतात त्याने प्रेक्षकाला अज्ञानात ठेवू नये, हा धडा त्यातून घेता येतो.

१ जानेवारी १९१८ रोजी हिंदुस्थान फिल्म कंपनी निघाली. भागीदारांशी मतभेद होऊन दादासाहेब काही काळ काशीस जाऊन राहिले, पुन्हा परतले. बोलपटाचे युग आल्यावर मात्र ते मागे पडले. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा शेवटचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले. १९६९ पासून भारत सरकार त्यांच्या नावाने चित्रपटक्षेत्रातील सर्वोच्च पुरस्कार देते. ‘राजा हरिश्चंद्र’चा मात्र थोडाच भाग पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात उरला आहे, आणि तोही १९१७ च्या आवृत्तीचा असावा असे काही अभ्यासक मानतात.

विद्यार्थी मित्रांनो, आज संकलनाला कात्रीही लागत नाही. गावोगावचे तरुण लग्नाच्या, जत्रेच्या चित्रफिती संगणकावर, अगदी मोबाइलवरही जोडतात. कित्येकांचा तो पोटाचा धंदा झाला आहे. फिल्म महाग होती तेव्हा हात कापण्यापूर्वी थबकत असे. आता चूक क्षणात पुसता येते, म्हणून विचारही क्षणाचाच होऊ लागला आहे. परंतु मांडवातला कोणाचा हुंदका ठेवायचा, कोणाची फजिती गाळायची, रात्रभर राबलेल्या आचाऱ्याला चौकटीत जागा द्यायची की नाही, हे आजही संकलकच ठरवतो. चितेवर ठेवलेला तो मुलगा आणि अंधारात छिद्रे पाडणारी ती माउली या दोघांना डोळ्यांसमोर ठेवून जो हे ठरवील, त्यालाच दादासाहेबांचा वारसा सांगण्याचा अधिकार आहे.